थरकापतात्यांचा टाइपरायटर

बंद खोलीतून टाइपरायटरचा आवाज यायला लागला, तशी बाहेर बसलेली चाळीस माणसं एकदम चिडीचूप झाली. ठकठक, ठकठक, ठकाठक... आणि ओळ संपली की टिंग! खोलीला बाहेरून कुलूप होतं. किल्ली संपादकबाईंच्या मुठीत होती. आणि आत टाइप करणारे गृहस्थ तीन वर्षांपूर्वी वारले होते.

"आले," भाचेबुवा डोळे मिटून म्हणाले. "मामा आले. कोणी खोकू नका. खोकल्याने त्यांची ओळ चुकते."

असं म्हटल्यावर घशात खवखव होणारच. माझ्या शेजारचे दंतवैद्य तोंडात रुमाल कोंबून लालबुंद होऊन बसले.

वारलेले गृहस्थ म्हणजे थरकापतात्या. चाळीस वर्षं त्यांनी अद्भुत आणि भीतिदायक गोष्टी लिहिल्या. भिंतीतून वाढणारे केस, पाहुण्यांना ओळखणारा आरसा, भाडेकरूला हळूहळू पचवणारी खोली. आमचं मासिक त्यांच्या जिवावर उभं राहिलं. त्या मासिकाचा मी मुद्रितशोधक. गेली सत्तावीस वर्षं मी भुताखेतांच्या मजकुरातल्या चुका काढतो आहे. इतकी भुतं वाचल्यावर माणूस एकतर वेडा होतो, नाहीतर माझ्यासारखा चिडका.

बरं, जमलेली माणसं भोळीभाबडी असती तर मी समजू शकलो असतो. पण हे सगळे लेखक होते! तेही भीतिकथा लिहिणारे! भूत कसं मळायचं, किती तिंबायचं, कोणत्या पानावर वाचकाच्या मानगुटीवर बसवायचं, हे ज्यांना तोंडपाठ, तेच सहा रविवार तात्यांच्या घरी बैठकीच्या खोलीत मांडी घालून तोंडाचा आ वासून बसत होते.

"काय पण वातावरण आहे!" दंतवैद्य माझ्या कानात म्हणाले. यांच्या प्रत्येक कथेत एक विहीर असते. "आणि ती टिंग! नेमक्या जागी येते. मला नसतं सुचलं."

"डॉक्टर, ते खरं आहे की खोटं, ते बोला ना."

"तो प्रश्न नंतर. आधी परिणाम बघा!"

आमच्या लोकांची चूक झाली ती इथेच. खेळ रंगला का, एवढंच सगळे बघत होते. खेळ कोण खेळतंय, हे बघायचं राहून गेलं.

प्रयोग ठरलेला असे. संध्याकाळी पाच वाजता भाचेबुवा पडदे ओढून निळा दिवा लावत. "पांढऱ्या उजेडाने मामांचे डोळे दिपतात. तिकडे सगळं सौम्य असतं." मग चिमट्याच्या पॅडला लावलेला कोरा कागद सगळ्यांसमोरून फिरवत. कागदाच्या तळाशी कोणीतरी सही करायची, म्हणजे अदलाबदलीचा संशय नको. मग भाचेबुवा एकटेच आत जाऊन तो कागद तात्यांच्या यंत्रात चढवत, "कारण यंत्राला रक्ताच्या माणसाचाच स्पर्श चालतो". बाहेर येऊन कुलूप. किल्ली संपादकबाईंकडे. दोन मिनिटं शांतता, आणि मग ठकठक.

आवाज थांबला की दार उघडायचं. आत कोणी नाही, आणि तोच सहीचा कागद मजकुराने भरलेला! पहिल्या रविवारी तात्यांनी लिहिलं होतं, 'मी इकडे सुखरूप आहे. हवा चांगली आहे. भाच्याला जपा.' दुसऱ्या रविवारी, 'भाच्यावर विश्वास ठेवा.' तिसऱ्या रविवारी पुन्हा भाचाच. चाळीस वर्षं ज्या माणसाने एक शब्द दोनदा वापरला नाही, त्याला मेल्यावर भाच्याशिवाय दुसरा विषयच सुचेना! आणखी एक गोष्ट माझ्या नजरेला खुपत होती. तात्या हयात असताना कागदाच्या पार कडेपर्यंत लिहायचे. मेल्यावर मात्र तळाशी चार बोटं जागा सोडून थांबायला लागले होते. मी हे बोललो, तर संपादकबाई म्हणाल्या, "आत्म्यालाही शिस्त लागते हो."

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण पाचव्या रविवारी कागदावर माझ्या ताईचं नाव आलं.

ताई माझी थोरली बहीण. दवाखान्याच्या प्रयोगशाळेत दिवसभर लोकांचं रक्त तपासते आणि पहाटे उठून विचित्र कथा लिहिते. गेली अकरा वर्षं ती एक कादंबरी लिहीत होती. एका इमारतीचा जिना दर वर्षी एका पायरीने वाढतो, आणि वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या आईपर्यंत पोचायला मुलीला दर वर्षी थोडा जास्त वेळ लागतो. एवढीच गोष्ट. पण ती वाचताना मी पेन्सिल खाली ठेवली होती, आणि हे माझ्या आयुष्यात फक्त दोनदा घडलं आहे.

कागदावर लिहिलं होतं, 'जिन्याची कादंबरी माझी आहे. मी ती तिच्या स्वप्नात सांगितली. तिने हस्तलिखित भाच्याच्या हवाली करावं. माझ्या नावाने छापावं. मग मला शांती मिळेल.'

टाळ्या पडल्या! ताईचं अभिनंदन केलं लोकांनी! दंतवैद्य तर गहिवरले. "भाग्यवान आहात ताई. माझ्या स्वप्नात कोणी येत नाही."

घरी आल्यावर ताईने हस्तलिखित कपाटातून काढलं आणि कापडात गुंडाळायला घेतलं. त्याची दुसरी प्रत नव्हती.

"ताई, तू खरंच देणार आहेस?"

"त्यांचं असेल तर त्यांना दिलं पाहिजे."

"अगं, त्यांचं कसं असेल? अकरा वर्षं तू घासते आहेस ना?"

ती गाठ मारता मारता थांबली. "तुला सांगू? त्यातली काही पानं मी वाचते, तेव्हा मलाच खरं वाटत नाही. इतकं चांगलं मला येत नाही रे. मी साधी रक्त तपासणारी बाई. मला नेहमी वाटायचं, हे कुठूनतरी दुसरीकडून येतंय. आता कळलं कुठून ते."

राग आला होता, तो भाचेबुवांचा. पण त्याहून जास्त वाईट वाटत होतं. माझ्या बहिणीला भूत खरं वाटत होतं ते चालेल, पण स्वतःचं लिखाण स्वतःचं वाटत नव्हतं, हे मला सहन होईना.

गुरुवारी मी कार्यालयाचा टाइपरायटर दुरुस्तीला घेऊन मेकॅनिककाकांकडे गेलो. काका पंचाहत्तरीचे. त्यांचं दुकान एवढं लहान की गिऱ्हाईक आत आलं तर काकांना बाहेर यावं लागतं. शहरातल्या निम्म्या लेखकांची यंत्रं त्यांच्या हाताखालून गेलेली. बोलता बोलता मी सगळी तक्रार ओकून टाकली.

"आणि त्यांच्या त्या यंत्राची टिंग ऐकली ना काका, की माझं डोकं उठतं!"

काकांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. "कसली टिंग?"

"घंटीची. ओळ संपली की वाजते ती."

"तात्यांच्या यंत्राची?"

"हो."

"अरे बाबा, त्याला घंटीच नाही!"

त्यांनी फळीवरून बिस्किटांचा जुना डबा काढला. आत स्प्रिंगा, खिळे, तुटकी अक्षरं. त्यातून त्यांनी एक लहानशी पितळी वाटी शोधून काढली आणि शर्टाला पुसून माझ्या तळहातावर ठेवली.

"ही बघ. वीस वर्षं झाली असतील. तात्या स्वतः यंत्र उचलून घेऊन आले. म्हणाले, ही काढून टाका. मी म्हटलं, का हो? तर म्हणाले, मी लिहिण्यात गुंग असतो आणि ही अचानक वाजते. दर ओळीला माझं काळीज तोंडाशी येतं."

"थरकापतात्या घंटीला घाबरायचे?"

"घंटीला, फटाक्याला, मांजराला. फार भित्रा माणूस! पण कोणाला सांगू नका म्हणाले होते, म्हणून आजवर बोललो नाही." काकांनी डबा बंद केला. "आता मात्र सांगायला हवं. मेल्यावर त्यांना एवढी हिंमत कुठून आली, मलाही बघायचंय."

सहाव्या रविवारी काका माझ्याबरोबर आले, खिशात घंटी घेऊन. ताई पहिल्या रांगेत बसली होती, मांडीवर ते गाठोडं. निळा दिवा, कागद, सही, कुलूप, किल्ली, सगळं यथासांग झालं. आणि ठकठक सुरू झाली. ठकाठक, ठकाठक... टिंग!

काका उभे राहिले. "तात्या!" त्यांनी दाराकडे बघून हाक मारली. "दचकला नाहीत ना?"

"खाली बसा!" भाचेबुवा कडाडले. "कोण आहे हा माणूस?"

"मी यांचा टाइपरायटर दुरुस्त करायचो. आत वाजतेय ती घंटी इथे माझ्या हातात आहे." काकांनी पितळी वाटी वर धरली आणि नखाने वाजवली. टिंग. आतूनही टिंग झाली. खोलीत कोणीतरी खुदकन हसलं.

"ही सूक्ष्म घंटी आहे!" भाचेबुवा म्हणाले. "पितळेची घंटी काढली म्हणून तिचा आत्मा थोडाच गेला?"

दंतवैद्यांनी लगेच मान डोलावली. "कल्पना वाईट नाही."

"डॉक्टर!" मी ओरडलो. "दार उघडून बघू या ना! आवाज चालू आहे तोवरच बघू. बाई, किल्ली द्या."

"खबरदार!" भाचेबुवा दारासमोर हात पसरून उभे राहिले. "मजकूर चालू असताना दार उघडलं तर मध्यस्थाचा, म्हणजे माझा, जागच्या जागी प्राण जातो! रक्त उलटं वाहायला लागतं!"

हे शब्द त्यांनी उच्चारायला नको होते. रक्ताच्या बाबतीत माझ्या ताईला कोणी काहीबाही सांगितलेलं खपत नाही. ती गाठोडं सांभाळत उठली.

"रक्त उलटं वाहत नाही," ती म्हणाली. "शिरांना झडपा असतात. किल्ली द्या बाई."

"ताई, विचार करा!" संपादकबाई पुटपुटल्या.

"माझ्या प्रत्येक गोष्टीत बाई दार उघडते," ताई म्हणाली. "मग मी का घाबरू?"

तिने भाचेबुवांना एका बाजूला सारलं आणि कुलूप काढलं. मी भिंतीवरचा पांढरा दिवा लावला.

टेबलावर टाइपरायटर ढिम्म बसला होता. एक अक्षर हलत नव्हतं. कागद यंत्रात होता, आणि चार बोटं जागा सोडून पूर्ण भरलेला होता. आवाज मात्र जोरात चालू होता, ठकाठक, ठकाठक, टेबलाखालच्या कचऱ्याच्या टोपलीतून. ताईने चुरगळलेले कागद बाजूला केले आणि आतून टेप बाहेर काढला.

"टिंग," टेप म्हणाला.

ताईने बटण दाबलं. काकांनी यंत्राचा वरचा भाग पार टोकापर्यंत सरकवून दाखवला. एकदा, दोनदा, तीनदा. काहीही वाजलं नाही.

"पण कागद?" दंतवैद्य अजून हट्ट सोडेनात. "त्यावर माझीच सही आहे! मी आत्ता केली. तेव्हा कागद कोरा होता!"

पॅड टेबलावरच पडलं होतं. मी ते उचललं, आणि मला माझीच लाज वाटली. चिमट्यात एक कोरा कागद अजून अडकलेला होता, पण तो खालून चार बोटं कापलेला. छापखान्यात आम्ही चुकलेल्या मजकुरावर कोरी पट्टी लावतो, तसंच हे. मजकूर आधीच टाइप केलेला. त्यावर ही कोरी पट्टी. तळाची जागा तेवढी उघडी, सहीसाठी. निळ्या उजेडात कड दिसत नाही, आणि जिथे दिसेल तिथे भाचेबुवांचा अंगठा. सत्तावीस वर्षं मी असल्या पट्ट्या लावतो आहे आणि सहा रविवार माझ्या नाकासमोरून ती गेली!

"आणि टेपवर कोण टाइप करतंय?" संपादकबाईंनी विचारलं. आता त्यांचा आवाज चढला होता.

भाचेबुवांनी खालमानेने सांगितलं. त्यांना स्वतःला दोन बोटांनीच टाइप करता येत होतं. पानभर मजकुराला दोन तास लागायचे. तो वेग मामांचा म्हणून कोणाला पटला नसता. म्हणून त्यांनी टायपिंगच्या क्लासबाहेर बसून मास्तरांच्या एकट्याच्या यंत्राचा आवाज भरून घेतला होता. सुरुवातीला दोन मिनिटं कोरी सोडून, म्हणजे बाहेर येऊन कुलूप लावायला वेळ मिळेल.

"आणि माझी कादंबरी कशाला हवी होती?" ताईने विचारलं.

"मामांची शेवटची कादंबरी म्हणून छापली असती," भाचेबुवा म्हणाले. "चांगली आहे ना ती. मासिकात तिची दोन प्रकरणं आली होती, ती वाचली मी. मामांनासुद्धा असं जमलं नसतं."

ताई गाठोड्याकडे बघत राहिली. आता मात्र मी बोललो. मी बोलणारा माणूस नाही, समासात लिहिणारा माणूस आहे, पण बोललो.

"ताई, तुझं चौथं प्रकरण तू अकरा वेळा लिहिलंस. अकराही खर्डे मी वाचलेत. पहिल्यात जिन्यावर वटवाघळं होती. तिसऱ्यात आई मेलेली होती. सातवा तू रडत रडत फाडलास आणि मी चिकटवला. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं, तर एकदाच नीट नसतं का सांगितलं?"

"तात्याही तसेच," काका म्हणाले. "पाय सुजायचे म्हणून गरम पाण्याच्या बादलीत पाय बुडवून सात-सात तास बसायचे. मी गेलो की टोपली कागदांनी भरलेली. विचारलं, कुठून सुचतं हो? तर म्हणाले, त्या टोपलीतून."

ताई हसली. मग तिचे डोळे भरून आले, आणि तिने गाठोडं छातीशी धरलं. "माझं आहे," ती म्हणाली. आवाज लहानच होता, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचला.

दंतवैद्य जाताना माझ्याजवळ आले. "तरी तो टोपलीतला टेप..."

"लिहा, डॉक्टर. विहिरीत टाकून लिहा. कथेत सगळं चालतं."

खरंच चालतं. भुतं, वाढणारे जिने, पाहुण्यांना ओळखणारे आरसे, कागदावर सगळ्यांना मुभा आहे, आणि ती लिहिणाऱ्यांचा मला अभिमान आहे. पण कोणी तीच गोष्ट खरी म्हणून सांगायला लागलं, दिवे मंद करायला लागलं, खोकू नका, उठू नका, दार उघडू नका म्हणायला लागलं, की आपण आधी पांढरा दिवा लावावा. सहा रविवार किल्ली आमच्याच मुठीत होती. ती वापरायचं मात्र कोणाला सुचलं नाही. मलाही नाही, आणि मी स्वतःला शहाणा समजतो.

कादंबरी ताईच्या नावाने छापून आली. मुद्रितं मी तपासली. तात्यांची घंटी काकांनी तिला देऊन टाकली. ती आता तिच्या टेबलावर असते. पहाटेचं लिहून झालं, त्या दिवसाचं पान मनासारखं उतरलं, की ताई ती नखाने वाजवते.

शेजारच्या खोलीत मी दर वेळी दचकतो.