बटणाएवढी उघडी जागा

मी एक जुनी स्पोर्ट्स कार आहे, मित्रांनो. दोन दारं, दोनच माणसांपुरती जागा, वर दुमडता येणारं कापडी छत आणि रस्त्याला पोट टेकेल की काय अशी बसकण. माझ्यात शिरायला कमरेत वाकावं लागतं आणि उतरायला कोणाचा तरी हात धरावा लागतो. तरीही मी गेले की माणसं मान वळवून बघतात. गर्व म्हणा हवं तर, पण खोटं सांगत नाही.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. पत्रा वाकवला, इंजिन बसवलं, रंग दिला आणि मग मला तारा जोडणाऱ्या बाईच्या ताब्यात दिलं. विजेचा व्यवहार तसा साधा असतो. बॅटरीतून निघालेली वीज तारेतून दिव्यापर्यंत जाते, पण परत यायला तिला वेगळी तार नसते. ती माझ्या पत्र्यातूनच बॅटरीकडे परतते. मिस्तरी लोक याला अर्थिंग म्हणतात. मध्ये रंगाचा थर आला की ही वाट बंद. म्हणून ती बाई प्रत्येक जोडाच्या ठिकाणी बटणाएवढा रंग खरवडायची, खालचा पत्रा चकाकला की मगच स्क्रू पिळायची. नव्याकोऱ्या अंगावर ओरखडे! मला तिचा भयंकर राग आला होता.

माझा पहिला मालक घड्याळांचा दुकानदार होता. त्याला सगळीकडे वेळेआधी पोहोचायची खोड होती आणि ती पुरवायला मी होते. ते दिवस मजेचे होते. पुढे तो थकला, मी त्याच्या पुतण्याकडे गेले. पुतण्याने मला वर्षभर दामटलं, मग त्याला लग्न, मुलं आणि मोठी गाडी अशी सगळी गरज एकदम लागली. मी गोदामात जाऊन पडले. तिथल्या कोंबड्यांना माझी डावी सीट अंडी घालायला फार सोयीची वाटली. किती वर्षं गेली ते मला ठाऊक नाही. कोंबड्या मात्र बऱ्याच पिढ्या झाल्या.

तिथून मला एका पेंटरने बाहेर काढलं. दुकानांच्या पाट्या रंगवणं हा त्याचा धंदा. हात असा सफाईदार, की त्याची रेघ पाहून पट्टीनेही मान खाली घालावी. पण त्याला एक वेड होतं. उघडा पत्रा किंवा उघडं लाकूड त्याला बघवत नसे. घरातल्या कपाटाची मागची बाजू, टेबलाच्या खालची बाजू, जिन्याच्या पायऱ्यांची पोटं, सगळं त्याने रंगवलेलं होतं. “दिसत नाही म्हणून सोडायचं का?” असं तो म्हणे. पेंटरने माझा नट न् नट सुटा केला, गंज घासला आणि मला सायीच्या रंगाचे हात दिले. आतून, बाहेरून, डॅशबोर्डच्या मागे, दिव्यांच्या खोबणीत. एक नखभर जागा सोडली नाही. रविवारची दुपार झाली की तो माझ्या कामाला लागे, आणि काम करताना माझ्याशी बोलेही.

हा सगळा खटाटोप एका शब्दासाठी होता. पेंटरची बायको सरकारी दवाखान्यात नर्स होती. गल्लीत तिला सगळे सिस्टरच म्हणत. तिने सगळा जन्म बसच्या दांड्याला लोंबकळत ड्यूटी केली. लग्नानंतर लगेचच पेंटरने तिला सांगितलं होतं, “तू रिटायर होशील ना, त्या दिवशी तुला उघड्या मोटारीतून घरी आणीन.” तेव्हा त्याच्याकडे सायकलही नव्हती. ती हसली होती. पण तो ते विसरला नव्हता आणि ती निवृत्त व्हायला आता जेमतेम काही महिने उरले होते.

मी तयार झाले त्या दिवशी पेंटरने तिला मोठ्या ऐटीत माझ्यात बसवलं आणि तिच्या ड्यूटीला सोडायला निघाला. बाजार ओलांडला, चढ लागला आणि डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा सरळ लाल खुणेवर जाऊन बसला. पेंटरने घाबरून मला कडेला घेतलं, इंजिन बंद केलं आणि तो पाणी आणायला धावला. सिस्टर थोडा वेळ बसली. मग तिने घड्याळ पाहिलं, पांढरे बूट सांभाळत उतरली आणि चढ पायी चढून गेली. त्या दिवशी ती पहिल्यांदा उशिरा पोहोचली. घरी आल्यावर एवढंच म्हणाली, “अहो, गाडी छान आहे. पण मी पुन्हा बसायची नाही.”

तेव्हापासून माझ्या दुखण्याचं पर्व सुरू झालं. पेंटर मला त्याच्या मित्राकडे, मिस्तरीकडे घेऊन गेला. मिस्तरी भला माणूस. गॅरेजमध्ये उभी असताना माझा काटा शहाण्यासारखा मध्यावर राही. रस्त्यावर धक्के बसले की वर चढे. उभं केलं की पुन्हा खाली. मिस्तरीने रेडिएटर उघडून आतल्या नळ्या साफ केल्या. काटा चढला. मग त्याने थर्मोस्टॅट काढून टाकला. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी ती छोटी झडप असते. काटा चढलाच. मग विजेवर चालणारा एक जास्तीचा पंखा माझ्या तोंडावर बसवला. त्याने माझी बॅटरी अशी शोषली, की एके दिवशी ऐन चौकात मी बंद पडले आणि पोलिसापासून फुलवाल्यापर्यंत सगळ्यांनी मला ढकललं. समोरचा एक दिवा तर पहिल्यापासूनच मिणमिणत होता. त्यात पाव टाकी पेट्रोल दिसत असताना पेट्रोल संपलं. पेंटरने मिस्तरीला दोष दिला, मिस्तरीने पंपवाल्याला. थर्मोस्टॅट नसल्यामुळे मला खरं तर थंडी वाजत होती, सकाळी खोकला येत होता. पण मला विचारतो कोण?

पेंटरच्या नाकी नऊ आले. त्याने माझ्याशी बोलणं सोडलं. एक दिवस सुटे भाग विकणारा माणूस आला, माझ्या भोवती फिरला, चाकांवर टिचक्या मारल्या, दारं उघडून मिटून पाहिली. “इंजिन एकाला देतो, दारं दुसऱ्याला. सोमवारी टेम्पो आणतो,” असं म्हणाला. पेंटर मान खाली घालून उभा होता. मी फार घाबरले, मित्रांनो. भंगारात जाण्याची भीती प्रत्येक जुन्या गाडीला असते, पण माझी दारं एका गावात आणि इंजिन दुसऱ्या गावात, ही कल्पना मला सहन होईना.

सिस्टरचा शेवटचा कामाचा दिवस टेम्पो येणार त्याच आठवड्याच्या गुरुवारी होता. टेम्पो येण्याच्या आदल्या दिवशी, म्हणजे रविवारी दुपारी, ती हात पुसत बाहेर आली. पेंटर मला शेवटचं पुसत होता. ती म्हणाली, “चला, एक चक्कर मारू.”

“तू बसणार नव्हतीस ना?”

“पेशंटला डिस्चार्ज द्यायच्या आधी एकदा तरी तपासतात.”

पेंटरने मिस्तरीलाही फोन केला. तो त्याच्या मोटारसायकलवरून मागून येऊ लागला. बाजार गेला, चढ लागला आणि काटा लाल खुणेकडे निघाला. पेंटर थांबायला लागला तशी सिस्टर म्हणाली, “थांबा, पण पाणी ओतू नका. बॉनेट उघडा आणि बाजूला व्हा.”

ती वाकली आणि रेडिएटरच्या वरच्या भागाला तिने हाताची मागची बाजू हळूच टेकवली. तापलेल्या मुलाच्या कपाळाला लावतात, तशी. हात तिथेच ठेवला. पेंटर ओरडला, “अगं, भाजेल!”

“कोमट आहे. उकळत्या पातेल्याला मी अशी हात लावून उभी राहीन का? हिला ताप नाही. तुमचा थर्मामीटर बिघडलाय.”

मिस्तरीने घाईघाईने स्वतः हात लावून पाहिला आणि त्याचा चेहरा पडला. काटा लाल झाला की लगेच पाणी ओतायचं, अशी सगळ्यांना सवय लागली होती. इंजिन खरंच तापलंय का, हे आधी हात लावून कोणी पाहिलंच नव्हतं. “मग मीटर बदलतो, वहिनी,” तो म्हणाला.

“बदला. पण मला आधी एक सांगा. निघालो तेव्हा पेट्रोल पाव टाकी होतं. आता पाऊण दाखवतंय. आपण वाटेत कुठे भरलं का?”

आता तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी. तापमानाचा काटा चालवणाऱ्याच्या समोर असतो. पेट्रोलचा काटा माझ्यात पार दुसऱ्या टोकाला, शेजारी बसणाऱ्याच्या गुडघ्यासमोर आहे. सिस्टर उतरून गेल्यापासून त्या सीटवर कोणी बसलंच नव्हतं. पेंटर एकटाच हिंडायचा आणि चालवताना डोळ्यांत तेल घालून एकाच काट्याकडे बघायचा.

मिस्तरीने वाकून दोन्ही काटे पाहिले. “दोन्ही काटे एकदम वर जातात म्हणजे मीटर बिघडले नाहीत. दोघांना वीज पुरवणारी एक डबी असते डॅशबोर्डच्या मागे. ती वीज मोजून-मापून पुढे देते. तिचं अर्थिंग सुटलं तर मोजमाप गेलं, मग दोघांनाही जास्तीची वीज.” त्याने मोटारसायकलच्या डिकीतून तारेचा एक लांब तुकडा काढला. एक टोक बॅटरीच्या अर्थिंगला बांधलं, डॅशबोर्डखाली उताणा शिरला आणि दुसरं टोक त्या डबीच्या अंगाला टेकवलं.

दोन्ही काटे सावकाश खाली आले. पेट्रोल पाव टाकी. तापमान मध्याच्याही खाली. त्याने तार काढली, पत्र्यावर एक गुद्दा मारला, काटे परत वर. तार लावली, खाली. एवढ्या महिन्यांनी माझं म्हणणं कोणीतरी ऐकलं होतं. मला अक्षरशः रडू येत होतं, पण माझ्यात तशी सोय नाही.

मग मिस्तरीने डबी सोडवली. तिच्या खाली सायीच्या रंगाचे दोन हात होते, गुळगुळीत, चकचकीत, एकही बुडबुडा नसलेले. अर्थिंग काय ते स्क्रूच्या आट्यांमधून कसंबसं लागत होतं आणि गाडी हादरली की तेही सुटत होतं. पेंटरने आत डोकावून पाहिलं. आपला रंग त्याला ओळखू येणार नाही, असं कसं होईल?

“मीच केलं हे,” तो म्हणाला. “इतक्या निगुतीने केलं, आणि मीच हिला आजारी पाडलं.”

सिस्टर त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. “रंग मात्र फर्स्ट क्लास आहे हं. इतक्या महिन्यांत विजेलाही पलीकडे जाता आलं नाही.” पेंटर आधी रागावून पाहू लागला, मग हसला. मिस्तरी मोठ्याने हसला. मीही हसले असते.

खरवडायचं काम मात्र पेंटरने कोणाला करू दिलं नाही. घरी येऊन त्याने पाट्या खरवडायची पाती घेतली. ज्या हाताने जन्मभर उघडा पत्रा झाकला, तो हात पहिल्या जागेशी आला आणि थबकला. मग त्याने पाती टेकवली. बटणाएवढा गोल, आणि आत चकाकता पत्रा. डबीच्या खाली एक, मिणमिणत्या दिव्यामागे एक, आणि अशाच जिथे जिथे तारांना परतायचं होतं तिथे एकेक. गंज चढू नये म्हणून सिस्टरने तिच्या पर्समधली पेट्रोलियम जेलीची डबी पुढे केली. दवाखान्यात रुग्णांच्या फुटलेल्या ओठांना लावायची, तीच. मिस्तरीने जास्तीचा पंखा काढला आणि थर्मोस्टॅट परत बसवला. माझा खोकला गेला. सोमवारी टेम्पो आला तेव्हा पेंटर दिवा पुसत होता. त्याने नुसती मान हलवली आणि टेम्पो रिकामा गेला.

गुरुवारी संध्याकाळी मी दवाखान्याच्या पायऱ्यांशी उभी राहिले, छत उघडं टाकून. सिस्टर हातात फुलं आणि डब्याची पिशवी घेऊन खाली आली. मागे सगळा वॉर्ड गोळा झाला होता. तिने फुलं मागे ठेवली, वाकून आत बसली, दोन्ही काट्यांकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, “पोट अर्धं भरलंय. ताप नाही. चला.” पेंटरने हॉर्न वाजवला. तो चढ मी त्या दिवशी उलट्या बाजूने उतरले आणि वाटेत कुठेही थांबले नाही. तिच्या केसांतली फुलं मात्र बाजारापर्यंत उडून गेली होती.

मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखं जुनं कोणीतरी असेल. पंखा असेल, शिवणयंत्र असेल, एखादे आजोबा असतील. त्यांना पुसा, सजवा, आम्हाला ते आवडतं. पण ती बिघडली असं ठरवण्याआधी एकदा हात लावून पाहा.

पेंटर दर वर्षी मला नवा हात देतो. डॅशबोर्डच्या मागे आला की त्याचा ब्रश त्या गोलाशी थांबतो. त्याला ती उघडी जागा अजूनही बघवत नाही, हे मला कळतं. तो ब्रश खाली ठेवतो आणि बायकोला हाक मारतो, “अगं, ती जेलीची डबी आण गं.”

ती येते. आधी माझ्या बॉनेटला हाताची मागची बाजू टेकवते आणि मग डबी उघडते.