विहिरीजवळचं नाव

दादा निवृत्त झाला आणि पूर्वजांचे हाल सुरू झाले.

जिवंत होते तेव्हा त्या बिचाऱ्यांना कुत्रं विचारत नव्हतं. ढेकळं फोडली, पोरं वाढवली, खोकून खोकून मेले. आता दादाने त्यांना एकेक करून उठवलं, अंगाखाली खुर्ची सरकवली आणि प्रत्येकाच्या नावामागे 'श्रीमान' लावलं. पस्तीस वर्षं हा माणूस शाळा तपासत फिरला होता. तपासायला शाळा उरली नाही, म्हणून त्याने पणजोबाला धरलं. पुस्तकाचं नावही ठरलं होतं, 'आमचं घराणं'. शेतकऱ्याला घर असतं, आणि तेही बहुधा गळकं. त्याचं घराणं कधीपासून झालं, असं धाकट्या बहिणीने एकदा विचारून पाहिलं. दादाने आठवडाभर तिचा फोन उचलला नाही. तो आठवडा तिला फार सुखाचा गेला.

ही बहीण मोजणी खात्यात नकाशे उतरवायची. घड्यांवर विरलेलं जुनं शीट काचेच्या टेबलावर ठेवायचं, काचेखाली दिवा लावायचा, वर पारदर्शक कागद ताणून बसवायचा आणि खालच्या रेघेवर नवी रेघ अशी ओढायची, की ब्रह्मदेवालाही फरक कळू नये. एकतीस वर्षं तिने हेच केलं. ऑफिसात तिला 'रेघ' म्हणत आणि पाठीमागे 'आखडू रेघ'. दोन्ही तिच्या कानावर होतं, आणि दुसऱ्या नावाचा तिला जरा जास्तच अभिमान होता. लोक झुरळाकडे बघतात तशी ती चुका करणाऱ्यांकडे बघायची.

त्या रविवारी दादाने तिला मुद्दाम बोलावून घेतलं. जेवणाच्या टेबलावर बारा कागद चिकटवून केलेली वंशावळ पसरली होती आणि तिच्या चार कोपऱ्यांवर लोणच्याच्या बरण्या ठेवल्या होत्या. वहिनी खाली बसून कांदा चिरत होती.

"बघ तुझ्या भावाचा कारभार," ती म्हणाली. "मेलेले टेबलावर आणि जिवंत जमिनीवर."

दादाचं लक्षच नव्हतं. त्याने मोबाइल रेघेच्या नाकासमोर धरला. "चाळीस शेतं! मोजणीचं जुनं रजिस्टर आहे. चाळीस पानं, आणि प्रत्येक पानावर शेवटच्या रकान्यात आपले पणजोबा. अर्धं गाव आपलं होतं, अर्धं गाव! आणि आपण आयुष्यभर स्वतःला साधे समजत बसलो."

रेघेने फोटो एकामागून एक सरकवले आणि तिच्या पोटात हसू उकळायला लागलं. त्या रजिस्टरात रकान्यांची शीर्षकं फक्त पहिल्या पानावर असतात, पुढच्या पानांवर नुसते उभे रकाने. खात्यातल्या शिपायालाही हे ठाऊक असतं. दादाने पहिलं पान उघडलंच नव्हतं. शेवटचा रकाना मालकाचा नसतो. मोजणीच्या दिवशी साखळीचं टोक धरून जो काट्याकुट्यांतून पळतो, त्याचं नाव तिथे टाकतात. पणजोबा चाळीस शेतांतून धावला होता खरा, पण लोकांच्या.

ती अवाक्षर बोलली नाही. महिन्याभराने सगळं गोत जमणार होतं, तिथे पुस्तक वाटलं जाणार होतं, दादा भाषण करणार होता. तोंड तिथे उघडायचं, असं तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं. सख्ख्या भावाचं पितळ शंभर माणसांत उघडं पाडायची संधी काही रोज येत नाही.

मग तिने वंशावळीवरून बोट फिरवलं. वडिलांच्या चौकटीपाशी ते थांबलं. शेजारी कोरी जागा होती.

"आत्या कुठे आहे?"

"कुठली आत्या?"

"आपल्याला काय डझनभर आहेत?"

दादाने चष्मा काढून पुसला. "हे बघ, मुली सासरच्या वंशावळीत जातात. नियम आहे तसा."

"कोणाचा?"

"माझा."

"सासरी ती अकरा महिने होती, दादा. ज्यांनी तिला घरात ठेवली नाही, ते वंशावळीत ठेवणार?"

आत्या अकरा महिन्यांत परत आली आणि तिने थेट शेताचा रस्ता धरला, तो आजवर सोडला नव्हता. तिचा धाकटा भाऊ, म्हणजे या दोघांचे वडील, शहरात नोकरीला लागले आणि पिशवीभर धान्य न्यायला तेवढे गावी जात राहिले. दादाचं शिक्षण, रेघेचं शिक्षण, दोघांच्या अंगावरचं मांस, सगळं आत्याने पिकवलेल्या दाण्यावर पोसलेलं. आता ती नव्वदीची होती. गेल्या महिन्यात तिने रेघेला विचारलं होतं, "पुस्तक काढताय म्हणे. मी आहे का त्यात?" नव्वद वर्षांत या बाईने कुणाकडे काही मागितल्याचं रेघेला आठवत नव्हतं. ती म्हणाली होती, "म्हणजे काय, असणारच."

"कागद आहे का?" दादा म्हणाला. "ऐकीव गोष्टींना माझ्या पुस्तकात जागा नाही. शुक्रवारी संध्याकाळी मजकूर छापखान्यात जातोय. त्याआधी कागद आण, लगेच नाव घालतो."

"आणते," रेघ म्हणाली. तिला ठाऊक होतं तो कुठे आहे.

आत्याने तो किस्सा शंभरदा सांगितला होता. मोजणीवाल्याने साखळी अशी टाकली, की विहीर शेजाऱ्याच्या हद्दीत गेली. आत्या खुरपं घेऊन मध्ये उभी राहिली. साखळीचं टोक स्वतः धरलं आणि त्याला अख्खं शेत पुन्हा मोजायला लावलं. विहीर मुकाट परत आली. संध्याकाळपर्यंत तो माणूस इतका मेटाकुटीला आला, की त्याने नकाशावर विहिरीच्या गोलाशेजारी बारीक अक्षरात तिचं नावच लिहून टाकलं. "घ्या बाई, तुमची विहीर, तुमचं नाव," म्हणाला. रजिस्टरात शेत रेघेच्या वडिलांच्या नावावर. पण नकाशावर विहिरीजवळ आत्या होती.

बुधवारी रेघ आपल्या जुन्या ऑफिसात गेली. नकाशांच्या खोलीतला कारकून तिच्याच हाताखाली शिकलेला होता. तो अजूनही तिला बघून उभा राहिला, हे तिला आवडलं. त्याने पत्र्याच्या नळीतून शीट काढलं आणि टेबलावर उलगडलं.

"हे नवं उतरवलेलं आहे," ती म्हणाली. "जुनं काढ."

"जुनं कुठलं, बाई? नवं उतरवलं की जुनं मोडीत. तुम्हीच तर शिकवलंत."

रेघेने चष्मा चढवला. काम चोख होतं, हे तिला मान्य करावंच लागलं. बांधाची रेघ कुठे थरथरली नव्हती, ओढ्याचं वळण सुरेख होतं. तिने बोटाने विहीर शोधली. छोटा, नेटका गोल. त्याच्या शेजारी काही नव्हतं.

"कुठल्या गाढवाने नाव गाळलं इथलं?" तिचा आवाज खोलीभर गेला. "हात आहे, पण डोक्यात भुसा! मला त्याचं नाव सांग आधी."

कारकुनाने नुसतं शीटच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे डौलदार, किंचित उजवीकडे झुकलेल्या अक्षरांत लिहिलं होतं, 'नोंदीत नसलेली गावठी नावे वगळली.' खाली उतरवणाऱ्याची आद्याक्षरं. ती तिचीच होती.

ती स्टुलावर बसली. कारकुनाने पाणी आणून दिलं, ते तिने तसंच ठेवलं. नियम होता. जे रजिस्टरात नाही ते नकाशावर ठेवायचं नाही, आणि हा नियम तिच्याइतका कडक कुणी पाळला नव्हता. तिच्याकडे शीटं यायची ती नुसत्या नंबरावर. कुठलं गाव, कुणाचं शेत, ती बघतच नव्हती. पण बघितलं असतं तरी आपण ते नाव गाळलंच असतं, वर चार जणांना ऐकवलं असतं की नियम घरच्यांनाही सारखाच. हे तिला त्या स्टुलावर कळलं आणि तेच जास्त लागलं. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ टिपण्यात तिची हयात गेली होती. तिचं मुसळ इथे पत्र्याच्या नळीत गुंडाळून ठेवलेलं होतं.

गुरुवारी तिने नकाशाची प्रत दादाच्या टेबलावर, पूर्वजांच्या डोक्यावर, टाकली आणि घडलं ते सांगितलं. काही लपवलं नाही.

दादा पोट धरून हसला. "म्हणजे पुरावा तूच खाल्लास! एकतीस वर्षांची बिनचूक सेवा! आणि आम्हाला उठता-बसता अक्कल शिकवायला पुढे!" तो इतका हसला, की त्याला ठसका लागला. रेघेने त्याला हसू दिलं, कारण एवढं तर ती त्याचं देणं लागतच होती. ठसका थांबल्यावर तिने विचारलं, "त्या रजिस्टराचं पहिलं पान बघितलंस का रे?"

"त्यात काय बघायचं?"

तिने सांगितलं. दादा आधी रागावला, मग त्याने मोबाइल काढून सगळे फोटो पुन्हा बघितले, मग हळूच खुर्चीत बसला.

"म्हणजे मामंजींचे आजोबा धावायचे?" वहिनी आतून म्हणाली. "तरीच तुमची बस कधी चुकत नाही."

"तू हे कुणाला बोलणार नाहीस," दादा घोगऱ्या आवाजात रेघेला म्हणाला.

तिने डोळ्यांसमोर तो समारंभ आणला. शंभर माणसं, भाषण, दादाचा पडलेला चेहरा. महिनाभर जपायचं सुख होतं ते. तिने ते सोडून दिलं.

"चाळीस शेतं तुला ठेव," ती म्हणाली. "आत्या मला दे. तिची चौकट काढ."

दादा असा पटकन उठला, की बरणी पडता पडता राहिली. पट्टी घेऊन त्याने वडिलांच्या शेजारी चौकट आखली. चौकटीची एक बाजू वाकडी आली, पण बहिणीने ती चालवून घेतली. त्याने पेन टेकवलं. "हं, सांग. पूर्ण नाव?"

रेघेने तोंड उघडलं आणि ते उघडंच राहिलं.

आत्या. वडील तिला अक्का म्हणायचे. गाव अक्का म्हणायचं.

"तिच्या पेन्शनचा फॉर्म तू भरला होतास ना?" तिने विचारलं.

"भरला होता." दादाने मान खाली घातली. "अक्काबाई लिहिलं. सगळे अक्का म्हणतात, मी बाई जोडलं. घाई होती."

वहिनी दारात येऊन उभी राहिली. तिलाही माहीत नव्हतं. रेघेने डोळे मिटले. काच, खालून येणारा उजेड, विहिरीचा गोल. शेजारी तीन अक्षरं होती, मधल्या अक्षरावर वेलांटी होती. वेलांटीचं वळण तिला अजून दिसत होतं. नाव काही दिसत नव्हतं. शीटवरचं ती कधी वाचतच नव्हती, नुसतं उतरवायची, नाहीतर गाळायची.

शुक्रवारी सकाळी दोघं गाडी काढून गावी गेली. आत्या पायरीवर शेंगा सोलत बसली होती. टोपलीत टरफलं, मांडीवर दाणे. दादाने शाळा तपासायच्या आवाजात सुरुवात केली.

"आत्या, पणजोबांची चाळीस शेतं सापडलीत! पुस्तकात तुझंही नाव घालतोय आम्ही!"

"घाला की. ओरडतोस कशाला? ऐकू येतं मला."

"तर ते... सांग ना."

"काय सांगू?"

"नाव."

आत्याचे हात थांबले. तिने दादाकडे बघितलं, त्याच्याकडून जणू तिची काही अपेक्षाच नव्हती. मग तिची नजर रेघेकडे वळली आणि तिथे बराच वेळ राहिली.

"तुलाही माहीत नाही?"

रेघेने पायरीखाली उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. नियम, नंबर, कोपऱ्यातली आद्याक्षरं.

"तो मोजणीवाला परका माणूस होता," आत्या शेवटी म्हणाली. "उभा दिवस भांडले मी त्याच्याशी. पण आल्या आल्या त्याने पहिलं काय केलं असेल, तर विचारलं, बाई, तुमचं नाव काय."

"आत्या, चुकलं आमचं. पण आज संध्याकाळी छापखान्यात..."

"साखळी कशी ताणायची, ते मला माझ्या आजाने शिकवलं होतं," आत्या शेंग मोडत म्हणाली. "तुमचा पणजोबा तो. दुसऱ्यांच्या शेतात साखळी धरायचा. सगळं सांगितलं असतं मी. साठ वर्षं इथेच बसलेय, या पायरीवर. तुम्ही धान्य न्यायला येत होतात."

दादाने खिशातला रुमाल काढला आणि नुसताच हातात धरला.

"नाव सांग ना, आत्या," रेघ म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती.

"शोधा. चाळीस शेतं सापडली तुम्हाला, माझं एवढंसं नाव सापडायला काय हरकत आहे?" आत्याने शेंगांचा अर्धा ढीग त्यांच्याकडे ढकलला. "आणि उभे काय राहिलात? हात मोकळे आहेत ना? बसा."

दोघं बसली. दुपार कलेपर्यंत शेंगा सोलत राहिली. आत्या हवापाण्याचं बोलली, विहिरीच्या पाण्याचं बोलली, आणि नावाचा विषय तिने पुन्हा काढला नाही. चारच्या सुमाराला दादाच्या खिशात फोन वाजायला लागला. छापखानेवाला होता. दादाने फोनकडे बघितलं, मग आत्याकडे, आणि फोन तसाच वाजू दिला.

"घे की," आत्या म्हणाली. "सांग त्याला, माहीत नाही म्हणून."