एक वीत अंतर

माझ्या नवऱ्याचं नाव महादेव, आणि वीस वर्षं हा पेणच्या गणपती कारखान्यात पोराचेच डोळे काढतोय. गणपतीचे डोळे आखणं म्हणजे आमच्याकडचं मानाचं काम. बाकीच्यांनी घासायचं, पुसायचं, रंग मारायचा. मी घासकामाला.

यंदा ऐन आखणीत त्याला खोकल्याची उबळ आली, कुंचला घसरला आणि तीन फुटी मूर्ती डाव्या डोळ्याने स्वतःच्या मोदकाकडे बघायला लागली. आमचे विठूशेठ स्वतः दिवसभर खोकतात, पण मालकाला कोण बोलणार? ते ओरडले, "सफेदा मारून ठेव! मूर्तींच्या पाठवणीच्या आदल्या दिवशी परत आख. तवा पण चुकलास, तर डोल्यांना तो रंगारी पोरगा आदेश बसंल नि तू घासकामाला."

घासकाम म्हणजे दिवसभर प्लास्टरची धूळ. ज्याची छाती आधीच शिट्ट्या मारते, त्याला तिथे बसवलं तर किती दिवस टिकेल?

पेणमध्ये डॉक्टरकडे गेलो असतो तर संध्याकाळपर्यंत शेठच्या कानावर गेलं असतं. म्हणून रोह्याला गेलो. डॉक्टर स्पृहाताई म्हणाल्या, "दमा आहे. श्वासनळ्या सुजून अरुंद झाल्यात. सकाळी दोनदा, संध्याकाळी दोनदा पंप मारा. बरं वाटलं तरी सोडायचा नाही. आणि धुळीत मास्क लावा."

"मारतो," महादेव म्हणाला.

तीन आठवडे इमानेइतबारे मारला. खोकला जागच्या जागी, मिशीला मात्र औषधाचा वास. मग रोह्याला जाऊन तो डॉक्टरवरच उखडला. "तुमचा पंप खोटा हाय!"

"मारून दाखवा बरं."

त्याने पंप खडखड हलवला, तोंडापासून बरोबर एक वीत लांब धरला, आ केला आणि डावीकडून उजवीकडे हात फिरवत फवारा सोडला. मग दुसरा हात, उजवीकडून डावीकडे. स्प्रे गनने मूर्तीला रंग मारतात अगदी तसा, ओघळ येऊ नये म्हणून. मी हे घरी रोज बघत होते आणि मला त्यात काहीच वावगं वाटलं नव्हतं. आम्हा कारखान्यातल्या माणसांना मारायचं म्हटलं की एक वीत अंतर आलंच.

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "काका, तुम्ही दात रंगवताय! आधी श्वास सोडा. ओठ घट्ट लावा. हळूहळू आत ओढतानाच दाबा, मग दहा आकडे दम धरा. शेवटी चूळ भरा. जमेल दम धरायला?"

महादेव चिडला. "डोला आखताना मी काय दम सोडतो?"

आणि पहिल्याच वेळी अचूक घेतला.

दोन आठवडे रोज तसाच घेतला, आणि पाठवणीच्या आदल्या दिवशी तो त्याच मूर्तीसमोर बसला. मागे शेठ उभे, बाजूला आदेश कुंचला धुऊन तयार. महादेवने दम धरला. मी मनातल्या मनात आकडे मोजत होते. उबळ आली नाही. रेघ सरळ गेली, आणि गणपतीने मोदकावरची नजर काढून माझ्याकडे बघितलं. मला रडूच फुटलं.

"खोकला गेला कसा रं?" शेठनी विचारलं.

"पंप मारतो."

"खोटा असतो तो. मी दोन वर्षं मारतोय." शेठनी खिशातून पंप काढला, खडखड हलवला, आ केला आणि एक वीत लांब धरला.

महादेवने त्यांचं मनगट पकडलं. "शेठ, तोंडाला लावा. नायतर उद्यापासून घासकामाला तुमी बसा, मी मालक व्हतो."