बोल्टावरची पिवळी रेघ

मिस्त्रींचा एक नियम होता आणि त्यापायी त्यांनी आजवर निम्म्या गावाचं डोकं खाल्लं होतं. गाडीच्या मागच्या बाजूचं काम करताना गाडी जॅकवर असते, चाकं लोंबकळत असतात. तेव्हा बोल्ट नुसते हातानं बसवायचे. मग गाडी खाली उतरवायची, मागून दोनदा दाबायची आणि ती आपल्या वजनानं नीट बसली की पान्याला जोर लावायचा. आधीच आवळलं तर आतलं रबर पिळलेलं राहतं आणि चार दिवसांत फाटतं. पलीकडच्या गल्लीतला गॅरेजवाला गाडी हवेत असतानाच आवळून मोकळा व्हायचा, म्हणून मिस्त्री त्याला 'हवाई मेकॅनिक' म्हणत. तेही त्याच्या तोंडावर.

पण या नियमात एक गोम होती. काम संपलं असं वाटतं, नेमकं तेव्हाच खरं काम उरलेलं असतं. चाकं टेकली, हात पुसायला फडकं घेतलं, तेवढ्यात कुणी हाक मारली की बोंबललं सगळं. म्हणून शेवटचा जोर लावून झाला की मिस्त्री बोल्टाच्या डोक्यावरून पिवळ्या ऑइलपेंटची एक रेघ ओढायचे. रेघ दिसली म्हणजे आवळलाय. विषय संपला.

काल त्यांनी लेकीची गाडी केली होती. खड्ड्यातून गेलं की मागून कुणीतरी दार ठोठावल्यासारखं वाजतं, अशी तिची तक्रार. मिस्त्री मागची सीट पाडून स्वतः डिकीत आडवे झाले आणि जावयाला म्हणाले, "चला जावईबापू, एकेक खड्डा शोधून गाडी घाला." जावई बिचारा सासऱ्याला डिकीत घालून गल्लोगल्ली हिंडला. डाव्या बाजूचं रबर फाटलं होतं. मिस्त्रींनी दोन्हीकडची बदलली. लेक उद्या सकाळी पोरांना घेऊन घाटातून जाणार होती.

आणि आज संध्याकाळी, चहाचा कप ओठाला लावता लावता, मिस्त्रींच्या मनात आलं, डावा बोल्ट आवळला का आपण?

गाडी उतरवलेली आठवत होती. दोनदा दाबलेली आठवत होती. मग कुणीतरी हॉर्नची चौकशी करत आलं होतं. त्यापुढे काही म्हणजे काही आठवेना. त्यांनी डोळे मिटून पाहिलं, हातानं पाना फिरवल्यासारखं करून पाहिलं. छे. घाटात वळणावर तो बोल्ट निसटला तर मागचं चाक तिरकं होणार, आणि आत लेक, दोन नातवंडं. त्यांनी कप तसाच खाली ठेवला.

हल्ली असं होत होतं, हेही खरंच. एकदा गिऱ्हाइकाला त्याचीच किल्ली दोनदा मागितली होती. लोक हसले, तेही हसले. पण त्यांचे वडील शेवटी शेवटी जेवून उठले की पुन्हा पानावर येऊन बसायचे, "मला कुणी वाढत नाही" म्हणायचे. ते आठवलं की मिस्त्रींचं हसू जिरायचं.

"कुठे निघालात?" बायकोनं विचारलं.

"लेकीकडे. डावा बोल्ट बघून येतो, म्हणजे जिवाला घोर नको."

बायको भांडी विसळत होती, तिचे हात थांबले. "अहो," ती म्हणाली. "मी येऊ का बरोबर?"

"तू काय पाना धरणार आहेस?"

मिस्त्री दाराबाहेर पडले तेव्हा ती फोनकडे जाताना त्यांना दिसली.

खालीच गॅरेज होतं. भिंतीवरच्या फळीवर प्रत्येक पान्याची जागा ठरलेली. सतरा नंबरची जागा रिकामी. मिस्त्रींचं टाळकं सरकलं. नक्की शेजारच्या वेल्डरनं नेला असणार, न विचारता न्यायची खोडच आहे मेल्याला. त्याच्या नावानं बोटं मोडत त्यांनी दुसरा जुना पाना पिशवीत टाकला आणि स्कूटर काढली.

लेक फाटकातच टॉर्च घेऊन उभी होती. का आलात, म्हणून तिनं विचारलं नाही. गाडीखाली अंथरायचा पुठ्ठाही भिंतीला लावून ठेवलेला होता.

"शहाणी गं माझी बाय," मिस्त्री म्हणाले आणि पुठ्ठ्यावरून गाडीखाली सरकले.

टॉर्चचा उजेड पडला. बोल्टावर पिवळी रेघ होती, डोक्यापासून खालच्या पट्टीपर्यंत सरळ. मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला. ते गाडीखालीच हसायला लागले. "आहे गं, रेघ आहे. म्हातारपणी उगाच डोक्यात भुंगा."

सवयीनं त्यांनी रेघेवरून अंगठा फिरवला. अंगठा पिवळा झाला.

हा रंग रात्रभरात खडखडीत वाळतो. आणि गाडी तर काल गेली होती. मिस्त्री अंगठ्याकडे बघत राहिले. मग उजेड जरा हलला आणि चाकाच्या आतल्या बाजूला त्यांचा सतरा नंबरचा पाना दिसला. मुठीला लाल टेप गुंडाळलेला, त्यांनीच गुंडाळलेला.

एका आवाजासाठी डिकीत झोपणारा माणूस तो. त्याला आणखी कुणी काय समजावून सांगायचं?

"कधी आलो होतो मी?" त्यांनी खालूनच विचारलं.

"दुपारी, बाबा." लेक वाकून म्हणाली. "चहा घेतलात. पोरांना पानाही धरायला दिलात."

मिस्त्रींना त्यातलं काहीच आठवत नव्हतं. त्यांना भीती वाटली, लहान मूल अंधाराला घाबरतं तशी साधी भीती. मग महिन्याभरात हातून गेलेल्या गाड्या एकेक डोळ्यांपुढे यायला लागल्या. शाळेच्या पोरांची व्हॅनसुद्धा.

ते बाहेर आले. लेकीनं हात धरून उठवलं आणि तो सोडला नाही.

"सकाळी निघायच्या आधी गाडी त्या हवाई मेकॅनिककडे ने. दोन्ही बोल्ट बघून घे. त्याला म्हणावं, शाळेची व्हॅनही बघ."

"बाबा, पण रेघ आहे ना."

"ती मीच ओढलीय गं," मिस्त्री म्हणाले आणि पाना तिच्या हातात दिला.