कस्तुराच्या खोलीचं सारवण

सवत मातीची असली तरी डोळ्यांत खुपते म्हणतात. धुरपताबाईची सवत तर चांगली हाडामांसाची, नाकीडोळी नीटस आणि वर पोटुशी होती. तेव्हा धुरपताबाईला अन्न गोड लागत नव्हतं, यात नवल काही नाही.

पंधरा वर्षं संसार करून तिची कूस उजवली नव्हती. नवऱ्याने, सूर्यभानने, पोखर्णीच्या नरसिंहाला नवस केला, वैदू झाले, परभणीचे डॉक्टर झाले, आणि शेवटी एक दिवस त्याने पाथरीकडची कस्तुरा करून आणली. धुरपताबाईनेच तिला ओवाळून घरात घेतलं. "थोरलीचं काळीज मोठं," असं गावातल्या बाया म्हणाल्या. काळीज मोठं नव्हतं, इलाज नव्हता. काप गेले नि भोकं राहिली. ती झाकून हिंडायची, एवढंच तिच्या हातात होतं.

वर्षाच्या आत कस्तुराला दिवस गेले. मग काय विचारता! थोरलीने चारदा सांगितलेलं मीठसुद्धा बाजारातून आणायला विसरणारा सूर्यभान आता न सांगता बोरं आणू लागला, चिंचा आणू लागला. धुरपताबाई हसून म्हणायची, "खा बाई, दोन जिवाची हायस," आणि चुलीत लाकूड असं कोंबायची की ठिणग्या उडायच्या.

त्या गावाला कालव्याचं पाणी येऊन चार-पाच वर्षं झाली होती. पाण्यामागून ऊस आला आणि उसामागून डास आले. कालव्याच्या पाझराने खड्डे बारमाही भरलेले. पोळा झाला की घरटी एक माणूस भर उन्हात गोधडी घेऊन कुडकुडत बसलेलं दिसायचं. म्हणून सरकारने डीडीटी मारणारी माणसं धाडली. त्यांच्या पुढे सायकलवरून यायचा रंगनाथ. त्याला आडनाव होतं, पण गाव त्याला मलेरियाचा रंगनाथ म्हणायचं आणि तोही ओ द्यायचा.

त्या भादव्यात फवारणी आली तेव्हा कस्तुराला आठवा सरत आला होता. औषधाचा वास नको म्हणून तिला शेजारच्या गीताबाईकडे बसवली होती. सूर्यभान मळ्यात. घरात एकटी धुरपताबाई. आपल्या खोलीच्या दारात ती आडवी उभी राहिली.

"इथं देव्हारा हाय. देवाच्या अंगावर इख मारता काय?"

रंगनाथने वाद घातला नाही. असली दारं त्याने लय पाहिली होती. त्याने मागची कस्तुराची खोली आढ्यापासून जोत्यापर्यंत फवारून घेतली आणि मग धुरपताबाईला बाजूला बोलावलं.

"बाई, घरात पोटुशी हाय म्हणून सांगायलोय. तिला हिवताप आला तर लेकरू हाती लागत न्हाई, कवाकवा बाईबी जाती. डास चावतो अन् भिंतीवर जाऊन बसतो. भिंतीचं औषध लागलं की मरतो. तवा दिवाळीपस्तोर ही खोली आतून सारवायची न्हाई. सारवलं की औषध गेलं मातीखाली, अन् डास मोकळा. ध्यानात राहील न्हवं?"

"राहील की," धुरपताबाई म्हणाली.

आणि राहिलंच. रोज चुलीपुढे बसली की ते तिला आठवायचं. मागच्या खोलीच्या भिंतींवर औषधाचे पांढरट ओघळ वाळले होते. त्या ओघळांच्या आत कस्तुरा सुखाने निजत होती, आणि सूर्यभान जाता-येता दारात थांबून विचारत होता, "काय पायजे का?" पंधरा वर्षांत धुरपताबाईला काय पाहिजे, हे कुणी दारात थांबून विचारलं नव्हतं.

नवरात्र तोंडावर आलं. घटाआधी घरं सारवायची रीतच आहे, आणि बाळंतिणीची खोली तर बाळंतपणाआधी सारवावीच लागते. कस्तुराला आई नव्हती, म्हणून बाळंतपण इथंच व्हायचं होतं. म्हणजे कुणी बोट दाखवेल अशी सोयच नव्हती. उलट सारवलं नसतं तर बाया म्हणाल्या असत्या, थोरलीच्या पोटात दुखतंय.

दुखतच होतं. कस्तुरा मरावी असं तिच्या मनात नव्हतं, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. काहीतरी नासावं, एवढंच होतं. आपली ओंजळ रिकामी तशी हिचीही व्हावी, मग दोघी सारख्या, असा तिचा हिशेब. पण या हिशेबात एक लेकरू होतं, आणि ते तिला पुरतं ठाऊक होतं.

तिने पांढरी माती भिजवली, शेण कालवलं आणि ती खोली सारवायला घेतली. गावात सारवावं तर धुरपताबाईने. एक ओघळ शिल्लक ठेवला नाही. वर ओल्या मातीत बोटांनी वेल काढली, कोनाड्याभोवती पानं काढली. गीताबाई दारात येऊन बघतच राहिली.

"सवत असावी तर अशी गं बाई!"

सूर्यभान मळ्यातून आला, पागोटं काढून हातात धरलं आणि म्हणाला, "तुझ्यासारखा हात गावात कुणाचा न्हाई."

किती वर्षांनी! धुरपताबाईला लाज वाटायला हवी होती. तिला आनंद झाला. चोरून गूळ खावा तसं ते वाक्य ती दिवसभर तोंडात घोळवत राहिली.

संध्याकाळी कस्तुरा तिच्याजवळ येऊन बसली. डोळ्यांत पाणी. "बाई, माझी आई असती तर तिनं एवढंच केलं असतं. मला लय भ्या वाटायलंय. तुमी माझ्याच खोलीत निजा."

"मला देव्हाऱ्यापाशी..." धुरपताबाई चाचरली.

"देव काय पळून जायलाय?" सूर्यभान म्हणाला. "नीज तिच्यापाशी. तुझ्याबिगर कोण हाय तिला?"

झालं. जी खोली तिने हाताने डासांना मोकळी करून दिली, तिच्यातच तिची वाकळ पडली. डास कानाशी गुणगुणला की तिला रंगनाथचं बोलणं शब्द न शब्द आठवायचं. कधी ती पदराने कस्तुराच्या अंगावरचे डास हाकलायची आणि कधी हात आखडून घ्यायची. एकाच मनाची बाई असती तर बरी झोपली असती.

नवरात्रातच कस्तुरा बाळंत झाली. मुलगा! सूर्यभानने गावभर साखर वाटली. सुईणीने कस्तुराला बाजेवर घातलं, बाजेखाली शेगडी ठेवली आणि ओवा, बाळंतशोपा, कडूनिंबाचा पाला टाकून सकाळ-संध्याकाळ धुरी सुरू केली. धूर बाजेभोवती कोंदला. डासांनी बाजेकडे पाठ फिरवली आणि कोपऱ्यात खाली निजलेल्या धुरपताबाईकडे मोर्चा वळवला. थोरली कोण नि धाकटी कोण, त्यांना काय करायचं होतं?

बारसं उरकलं. मुलाचं नाव नवसाप्रमाणे नरसिंग ठेवलं. आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत एका दुपारी धुरपताबाईच्या अंगात अशी थंडी भरली की दातावर दात वाजायला लागले. मग ताप, मग घाम. एक दिवस बरी, दुसऱ्या दिवशी दुपार झाली की पुन्हा तेच. सूर्यभानने मलेरियाच्या रंगनाथला बोलावलं. त्याने ओसरीवरच तिच्या बोटाला सुई टोचली, काचेवर रक्ताचा थेंब घेतला आणि कडू गोळ्या दिल्या. बाळंतिणीच्या खोलीत परका पुरुष जात नसतो, म्हणून आतली भिंत त्याने पाहिली नाही. एवढ्या तापातही धुरपताबाईला ते बरं वाटलं.

तापाच्या तिसऱ्या फणक्याला मात्र तिची शुद्ध हरपली. डोळे उघडले तेव्हा दुपार कलली होती. कस्तुरा ओली बाळंतीण, तरी बाजेवरून उतरून तिच्या उशाशी बसलेली, कपाळावरच्या पट्ट्या बदलत होती.

चोराच्या मनात चांदणं. धुरपताबाईने पहिलं तेच विचारलं.

"मी काय बरळले का गं?"

कस्तुराने पट्टी पिळली. "न्हाई बाई. मायबापाला हाका मारायल्या होत्या."

धुरपताबाईने सुस्कारा सोडला. कस्तुराने त्याच संध्याकाळी हट्ट धरला, आत कोंदतंय, माझी बाज माजघरात घाला आणि मला पाथरीहून मच्छरदाणी आणा. मच्छरदाणी आली. ती बघून अंथरुणात पडल्या पडल्या धुरपताबाईचा तीळपापड झाला. हिने तोंडातून शब्द काढायचा अवकाश, की याने पाथरी गाठलीच! पण कस्तुराने मच्छरदाणी बांधली ती मोठ्या बाजेवर, आणि आधी धुरपताबाईला धरून आत निजवलं. मग लेकरू तिच्या कुशीत सरकवलं आणि स्वतः कडेला आडवी झाली. एका मच्छरदाणीत दोन सवती आणि मध्ये नरसिंग. गीताबाईने हे गावभर सांगितलं आणि सगळं गाव हसलं.

धुरपताबाई बरी झाली. नरसिंग तिच्याच अंगाखांद्यावर वाढू लागला. कस्तुरा सकाळी उठली की पोर तिच्या मांडीवर टाकायची आणि खुशाल कामाला लागायची. 'भोळी हाय,' धुरपताबाई मनात म्हणायची. भोळी समजलं की हेवा करायला सोपं जातं. दूध हिला, नवरा हिला, पोर हिला आणि वर अक्कल नाही, असं म्हणून ती मन शांत करायची.

पुढचा भादवा आला आणि रंगनाथची सायकल दारात लागली. या वेळी दोघी घरीच होत्या. नरसिंग धुरपताबाईच्या कडेवर. मागची खोली फवारून झाली आणि रंगनाथने सवयीने तोंड उघडलं, "बाई, आता दिवाळीपस्तोर..."

"सारवायचं न्हाई," कस्तुरा म्हणाली. "औषध मातीखाली जातंय अन् डास मोकळा राहतोय. ठाऊक हाय."

"वा! कुणी सांगितलं?"

"आमच्या बाईंनी. मागच्या साली. मी उशाशी बसले होते तवा."

धुरपताबाईने कडेवरचं पोर घट्ट धरलं. शुद्धीत असताना तिने हे कुणालाच सांगितलं नव्हतं.

म्हणजे आपण तापात सगळं बोलून गेलो होतो. म्हणजे त्याच संध्याकाळी हिने बाज बाहेर काढली ती उगाच नव्हे. आणि तेव्हापासून ही सगळं ठाऊक असून रोज सकाळी स्वतःचं पोर आपल्या मांडीवर टाकते आहे!

ती कस्तुराकडे बघत राहिली. आता बोलेल, आता बोलेल. कस्तुराने जवळ येऊन नरसिंगच्या डोक्यावरचं टोपडं नीट केलं.

"बाई, औषधाचा वास लेकराला बरा न्हाई. तुमी त्याला घेऊन मळ्यात जावा. मी बघते इकडचं."

"मी घेऊन जाऊ? एकटी?" धुरपताबाईने विचारलं.

"मग कुणाला देऊ?" कस्तुरा म्हणाली आणि रंगनाथला देव्हाऱ्याच्या खोलीचं दार दाखवायला वळली. "देव मी बाहेर काढलेत. बाईंची खोलीबी मारा. अवंदा त्यांना ताप नको."

धुरपताबाई पोराला छातीशी धरून मळ्याच्या वाटेला लागली. चालता चालता तिचे डोळे भरून वाहत होते, आणि खरं सांगायचं तर ते नुसते पश्चात्तापाचे नव्हते. नवरा धाकटीचा झाला तेव्हा ती जळली होती, पोर झालं तेव्हा जळली होती. पण ते सगळं देवाने दिलेलं होतं. त्याचा राग देवावर काढता येत होता. हे काळीज मात्र कस्तुराचं स्वतःचं होतं. कस्तुराचा एवढा हेवा तिला याआधी कधीच वाटला नव्हता.