शिवाजी पेठेतल्या कोड्याच्या फळ्याला वारस मिळाला

मित्रांनो, माझा रंग उडाला आहे, डावा कोपरा जरा खिळखिळा झाला आहे, हे मान्य. पण मी काही ऐरागैरा जुना फळा नव्हे. शाळेतल्या माझ्या भावंडांवर जन्मभर पाढे लिहिले गेले. माझ्यावर कोडी लिहिली गेली. कोल्हापुरात, शिवाजी पेठेत एका वह्या-पेन्सिलींच्या दुकानाबाहेर मी टांगलेला असे. दर रविवारी सकाळी माझ्यासमोर एवढी माणसं जमत, की सायकलवाल्याला खाली उतरून वाट काढावी लागे. ही बढाई नव्हे. बरं, थोडी आहे.

माझा जन्म १९४९ सालचा. संस्थान नुकतंच विलीन झालं होतं आणि गावात ज्याच्या त्याच्या तोंडी गादीचाच विषय होता. एका सुतारानं सागाच्या रुंद फळ्या जोडून मला बनवलं आणि वर काळ्या रंगाचे दोन हात दिले. दुकानाचे मालक आकाराम. त्यांना सगळी पेठ आण्णा म्हणे. पेपरातली शब्दकोडी सोडवायचा आण्णांना भारी नाद. पण एकट्यानं सोडवून त्यांचं मन भरेना, म्हणून ते स्वतःच कोडं रचून माझ्यावर मांडू लागले. पट्टी धरून चौकोन आखायचे आणि कडेला आडव्या-उभ्या शब्दांच्या सूचना लिहायच्या. छापील कोड्यात बंद घरं काळी असतात. मी मुळातच काळा, त्यामुळं माझी बंद घरं खडूनं पांढरी केली जात. ज्याला उत्तर येईल त्यानं ओरडून सांगायचं. मग आण्णा त्याच्या हातात खडू देत आणि तो छाती फुगवून शब्द भरी.

समोरच रशीद पिंजाऱ्याचं गाद्यांचं दुकान होतं. रशीद हा आण्णांचा लहानपणापासूनचा दोस्त. अंगावरचा कापूस झटकत तो यायचा, सगळ्या सूचना मोठ्यानं वाचायचा, एकेकीला नावं ठेवायचा आणि सगळ्यांच्या आधी उत्तरं द्यायचा. नम्रपणा त्याच्या वाऱ्यालाही उभा राहत नसे. मला तो फार आवडे.

अशी काही वर्षं मजेत गेली. मग आण्णांचे डोळे अधू झाले. एकानं दिसेनासं झालं, दुसऱ्यासमोर धुकं. चौकोन वाकडेतिकडे येऊ लागले, अक्षरं एकमेकांवर चढू लागली. आण्णांना आणि त्यांच्या बायकोला, बाळाबाईंना, मूलबाळ नव्हतं. दुकान बंद करताना आण्णा माझ्या चौकटीवर हात ठेवून म्हणत, "तुला आता कुणाच्या हवाली करू रं?" खरं सांगतो, मला धडकी भरे. कोडं नसलेला फळा म्हणजे नुसतं लाकूड.

हा विषय लोकांपुढं काढायचा कसा? आण्णांना एकच रीत ठाऊक होती. एका रविवारी त्यांनी सगळं कोडंच वारसाहक्कावर रचलं. "बसायला मऊ, सोडायला कठीण, दोन अक्षरी." उत्तर, गादी. "जन्म एका घरी, हक्क दुसऱ्या घरी, तीन अक्षरी." उत्तर, दत्तक. "भावांचं भांडण मिटवते, नाहीतर लावते, तीन अक्षरी." वाटणी. आणि शेवटची, "लिहिणारा आहे तोवर याला किंमत नाही, चार अक्षरी." मृत्युपत्र.

लोक खूश झाले. रशीदनं नेहमीप्रमाणं खोड काढली. "आण्णा, गादी म्हटलं की तुला राजा दिसतोय, मला कापूस. पण सोडायला कठीण हे खरं हाय. माझ्या दुकानात गिऱ्हाईक एकदा बसलं की उठतच न्हाई!"

पण पेठ ती पेठ. संध्याकाळपर्यंत कोडं बाजूला राहिलं आणि बातमी उरली, की आण्णांनी मृत्युपत्र थेट फळ्यावरच मांडलं. दुसऱ्या दिवशी लोकांच्या तोंडी आण्णांनी अंथरूण धरलं होतं. तिसऱ्या दिवशी त्यांचं काही खरं नव्हतं. आणि खुद्द आण्णा दुकानात बसून शाईच्या बाटल्या विकत होते!

पुढच्या रविवारी आण्णांचे दोन पुतणे येऊन धडकले. गडमुडशिंगीहून कृष्णात वांग्यांची पाटी घेऊन आला, मुरगूडहून ज्ञानू काकवीची बरणी घेऊन आला. कित्येक वर्षांत दोघांनी तोंड दाखवलं नव्हतं. आण्णा पायरीवर बसून चहात बेकरीतलं कडक बटर बुडवत होते.

"आण्णा, तुम्ही तर बसलायसा की!" कृष्णातच्या तोंडून निघून गेलं.

"मग काय आडवा पडू?" आण्णा म्हणाले.

बाळाबाईंनी पाटी आणि बरणी आत नेली. "चला, बातमी खोटी, पण वांगी खरी हायती," असं म्हणून त्या हसल्या.

कृष्णातनं तेवढ्यात माझ्यावर टकटक करून पाहिलं आणि ज्ञानूच्या कानाशी म्हणाला, "लाकूड झकास हाय. गोठ्याच्या दाराला उपयोगी पडंल." मित्रांनो, माझ्या अंगावरचा खडू झडायचा बाकी राहिला! उरलेलं आयुष्य म्हशीच्या शेपटीचे फटके खात काढायचं?

आण्णांना सगळा प्रकार उमगला. जमलेल्या लोकांकडं तोंड करून ते म्हणाले, "दुकानाचं पुढं बघू, मी अजून हाय. पण ह्या फळ्याला आजच वारस पायजे, माझं डोळं दमलं. 'वारस' ह्याच शब्दाला सूचना सांगा. ज्याची झकास, त्याच्या हातात खडू."

ज्ञानू घसा खाकरून म्हणाला, "ज्याला जमीन मिळती त्यो." कुणी जांभई दिली. कृष्णात पुढं सरसावला. "म्हाताऱ्याचा लाडका पुतण्या!"

"आरं, कोडं हाय ह्ये, अर्ज न्हवं!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं.

मग रशीदनं कापूस झटकला. "म्हातारा खोकला की पहिली गाडी पकडून येतोय त्यो."

अशी हशाची लाट उठली, की मी खिळ्यावर हललो. आण्णांच्या डोळ्यांतून पाणी आलं. ज्ञानू आभाळ बघू लागला. कृष्णात आधी लाल झाला आणि मग सगळ्यांत शेवटी, पण सगळ्यांत मोठ्यानं हसला.

आण्णांनी रशीदच्या हातात खडू ठेवला. ज्ञानू कुरकुरला, "ह्यो कसला वारस? ह्यो तर तुमच्यापेक्षा थोरला हाय!"

"मग काय झालं?" रशीद म्हणाला. "लहानपणी ह्याचा भोवरा मी घेतलावता, आता खडू घेतो." बाळाबाईंनी रशीदच्या हातावर साखर ठेवली आणि मी वाचलो. त्या क्षणी मला जो आनंद झाला, तो सांगायला माझ्यापाशी चौकोन पुरायचे नाहीत.

त्यानंतरच्या रविवारी रशीदनं पहिलं कोडं मांडलं. आण्णा समोर खुर्ची टाकून बसले. रशीद वाचून दाखवी आणि आण्णा ऐकताक्षणी उत्तर देत. दुसऱ्या कुणाला तोंड उघडायला जागाच मिळेना. आण्णांना इतकं खुशीत मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात कृष्णात आला. या वेळी हात रिकामे.

"आता काय न्यायचं राह्यलं?" बाळाबाईंनी विचारलं.

"न्यायचं काय न्हाय, काकी. एक सूचना सुचलीया. लिहू का?"

रशीदनं जरा विचार केला आणि खडू दिला. कृष्णातनं माझ्या कोपऱ्यात जड हातानं लिहिलं. रशीदनं वाचलं, "ज्याच्या घरी जायला निमित्त लागू नये, तीन अक्षरी."

"देऊळ!" कुणी ओरडलं. "सासरा!" दुसरा म्हणाला, तर चारपाच जावई एकदम म्हणाले, "न्हाई, न्हाई, तिथं लागतंय!" सगळी कोडी फोडणारे आण्णा मात्र कृष्णातकडं मान वळवून म्हणाले, "मला न्हाई बाबा येत. तूच भर."

कृष्णातनं तीन घरं भरली. आण्णांना ती दिसेनात. "काय लिवलं रं, रशीद?"

"चुलता," रशीद म्हणाला. जन्मात पहिल्यांदाच त्यानं एखाद्या सूचनेला नावं ठेवली नाहीत.

आण्णांनी हात पुढं करून कृष्णातला जवळ ओढलं. "जेवून जा," एवढंच म्हणाले. कृष्णात जेवून गेला, आणि पुढच्या रविवारी परत आला, आणि त्याच्या पुढच्याही.

मित्रांनो, मला खुशाल पुसा. फळ्याला पुसल्याचं वाईट वाटत नाही. फक्त ओल्या फडक्यानं पुसा, बाहीनं नको. पण तुमचंही कुणी म्हातारं माणूस असेल आणि त्याच्याकडं जायला तुम्ही निमित्त शोधत असाल, तर शोधू नका. उठा आणि जा.