चुकीखालची टिंबं

लघुलेखिकेला नसत्या चौकशा फार. वीस वर्षं समितीच्या खोलीत बसून तिने मंत्र्यांपासून माळ्यांपर्यंत सगळ्यांचे शब्द उतरवले होते. पण आजच्या साक्षीदार बाई हातांनी बोलणार होत्या आणि उतरवायचे ते शब्द दुभाष्याच्या तोंडचे. मग साक्ष नक्की कोणाची? हा किडा सकाळपासून तिच्या डोक्यात वळवळत होता.

बाई छापखान्यात मुद्रितं तपासायच्या. देशभरातल्या बहिऱ्यांच्या संघटनेतर्फे त्या आल्या होत्या. कायद्याच्या मसुद्यात 'खुणांची भाषा' लिहायचं की नुसतं 'हातवारे', एवढंच ठरायचं होतं. एवढंच म्हणायचं आपलं! भाषा म्हटली की शाळेत, कोर्टात, दवाखान्यात दुभाषी देणं सरकारच्या गळ्यात पडणार. हातवारे म्हटलं की सगळं वाऱ्यावर.

अध्यक्षांनी चष्म्यावरून पाहिलं. "हातवारे तर आम्हीही करतो हो. याला व्याकरण कुठलं आलंय?"

बाईंचे हात भराभर चालू लागले आणि मध्येच मागच्या बाकांवर बसलेल्या संघटनेच्या बहिऱ्या मंडळींत खसखस पिकली. बाईंनी जीभ चावली, एक खूण पुन्हा केली.

"काय झालं?" अध्यक्ष म्हणाले.

"साहेब, 'अध्यक्ष' ही खूण कपाळापाशी करतात. बाईंचा हात घाईत हनुवटीशी गेला. तिथे तिचा अर्थ..." त्याने आवाज खाली आणला, "भोपळा."

लघुलेखिकेने रुमाल तोंडाला लावला. अध्यक्षांना काही हसू आलं नाही.

दुपारी कच्ची प्रत बाईंकडे तपासायला द्यायची होती. साक्षीदाराची जीभ घसरली तर तेवढं गुपचूप वगळायचं, ही लघुलेखिकेची जुनी सवय. कितीतरी पुढाऱ्यांची अब्रू तिने अशी झाकली होती. भोपळ्याच्या ओळींवरही तिने माणुसकीने काट मारली.

बाईंनी वाचलं आणि त्या खोडलेल्या ओळींखाली पेन्सिलीने टिंबं दिली. दुभाष्या जेवायला गेलेला. लघुलेखिकेला राहवेना. तिने समासात लिहिलं, 'हे काय?'

'आमच्या छापखान्यात याचा अर्थ, खोडलंय ते तसंच ठेवा.'

'अहो, तुमचं हसं होईल!'

बाईंनी शांतपणे लिहिलं, 'होऊ दे. नुसते हातवारे असते, तर माझं चुकलं कसं असतं? आणि मागच्या तीस जणांना ती चूक एकदमच कशी कळली असती? साहेबांना व्याकरण हवं होतं ना?'

लघुलेखिकेला स्वतःच्या माणुसकीची चांगलीच लाज वाटली. तिने सगळं टंकलं, भोपळ्यासकट, समासासकट, आणि प्रत अध्यक्षांसमोर ठेवली.

त्यांनी ते दोनदा वाचलं. आपला हात कपाळाशी नेला, मग हनुवटीशी, आणि कोणी पाहिलं तर नाही ना म्हणून इकडेतिकडे बघून पटकन खाली घेतला. मग मसुदा पुढे ओढून त्यांनी 'हातवारे' हा शब्द खोडला.